भौतिकशास्त्र आणि खगोल शिकवायचंय? बारावीपासून वर्गापर्यंतची वाट

महाराष्ट्रातल्या शिक्षक भरतीच्या जाहिरातीत ‘खगोलशास्त्र शिक्षक’ असं पद शोधू नका, ते सापडणार नाही. पद असतं विज्ञान शिक्षकाचं, नाहीतर कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या शिक्षकाचं. खगोल त्या पदाच्या पोटात असतं. राज्य मंडळाच्या पुस्तकांत आठवीत ताऱ्यांची जीवनयात्रा येते, नववीत दुर्बिणी येतात, दहावीत गुरुत्वाकर्षण आणि अवकाश मोहिमा. चंद्रकला, ग्रहणं आणि ऋतू तर भूगोलाच्या पुस्तकात जाऊन बसलेत. म्हणजे ज्याला हे दोन्ही विषय शिकवायचे आहेत त्याला शिकतानाही दोन कामं एकदम चालवावी लागतात. भौतिकशास्त्राचा कागद विद्यापीठ देतं. खगोलाची तयारी आपली आपण करायची, आणि तिची सुरुवात एफ.वाय.लाच करायची. बी.एड. झाल्यावर, नोकरी लागल्यावर करू म्हणणाऱ्यांची ती बहुतेक राहूनच जाते.

हा लेख बारावी विज्ञान नुकतीच झालेल्यांसाठी आणि बी.एस्सी.त असलेल्यांसाठी आहे. पात्रतेचे नियम इथे दिलेत, पण अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. क्लासच्या जाहिरातीवर किंवा व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफवर विसंबू नका.

पायरी पहिली: कोणत्या वर्गाला शिकवायचं, ते आधी ठरवा

पुढची प्रत्येक परीक्षा या एका उत्तरावर ठरते, आणि बहुतेक मुलं नेमका हाच प्रश्न शेवटी विचारतात.

सहावी ते आठवीला शिकवायचं तर पदवी, बी.एड. आणि टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर, तोही गणित-विज्ञान गटातून. नववी-दहावीसाठी बी.एस्सी. आणि बी.एड. अकरावी-बारावीसाठी भौतिकशास्त्रातली एम.एस्सी. किमान ५० टक्क्यांनी आणि वर बी.एड. वरिष्ठ महाविद्यालयात, म्हणजे बी.एस्सी.च्या मुलांना शिकवायचं तर एम.एस्सी.ला ५५ टक्के आणि नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्याची) ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा. तिथे बी.एड.ची गरज नाही. सेट ही महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांची सामाईक परीक्षा आहे आणि ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. भौतिकशास्त्राची नेट मात्र सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेच्या नावाने होते, विषयाचं नाव ‘भौतिक विज्ञान’.

माझं मत विचाराल तर खगोलाची ओढ जास्त असलेल्याने आठवी ते दहावीचा वर्ग धरावा. अकरावी-बारावीत नीट, जेईई आणि एमएचटी-सीईटीचा रेटा इतका असतो की गुरुत्वाकर्षणाचं प्रकरणही गणितं सोडवण्यापुरतंच उरतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला मात्र शनीची कडी खरोखर बघायची असतात. उलट ज्याला विद्युतचुंबकत्व किंवा प्रकाशशास्त्र खोलात जाऊन शिकवण्यात मजा वाटते, त्याने एम.एस्सी. करून कनिष्ठ महाविद्यालयात जावं.

आणखी दोन वाटा आहेत. केंद्रीय विद्यालयं आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली नवोदय विद्यालयं टीजीटी (दहावीपर्यंतच्या वर्गांसाठी) आणि पीजीटी (अकरावी-बारावीसाठी) अशी पदं भरतात. विज्ञानाच्या टीजीटीला सीटीईटी, म्हणजे केंद्राची टीईटी, लागते, भौतिकशास्त्राच्या पीजीटीला एम.एस्सी. आणि बी.एड. दुसरी वाट मुंबई-पुण्यातल्या आंतरराष्ट्रीय शाळांची. केंब्रिजच्या आयजीसीएसई या दहावीच्या तोडीच्या परीक्षेच्या भौतिकशास्त्रात २०२३ पासून अवकाश भौतिकी हा स्वतंत्र घटक आला आहे आणि आयबीच्या (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमात ताऱ्यांमधल्या संमीलनाचा भाग आहे. खगोल शिकवणं हे रीतसर कामाचा भाग आहे अशा जागा आजघडीला प्रामुख्याने तिथेच आहेत. मात्र तिथे इंग्रजी सफाईदार लागतं आणि नोकरी कराराची असते.

खासगी क्लासचं काय? लातूर, नांदेड, पुणे इथल्या क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायला बी.एड. कुणी विचारत नाही, आणि नाव झालं की पैसा शाळेपेक्षा जास्त मिळतो. फक्त तिथे आकाश बघायला कुणालाच वेळ नसतो, शिक्षकालाही नाही.

पायरी दुसरी: पदवी कुठली आणि कशी

सरळ रस्ता म्हणजे भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. आणि मग दोन वर्षांचं बी.एड. दुसरा रस्ता चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाचा, ज्यात बी.एस्सी. आणि बी.एड. एकत्र होतं आणि एक वर्ष वाचतं. राष्ट्रीय पातळीवर त्याला आयटेप म्हणतात. त्यासाठी एनटीए ही केंद्राची परीक्षा संस्था एनसीईटी नावाची प्रवेश परीक्षा घेते. महाराष्ट्र आणि गोवा ज्या विभागात येतात त्याची एनसीईआरटीची प्रादेशिक शिक्षण संस्था भोपाळला आहे आणि तिथली ही पदवी नावाजलेली आहे. राज्याचा सीईटी कक्षही एकात्मिक अभ्यासक्रमांसाठी वेगळी सीईटी घेत आला आहे. प्रवेश घेण्याआधी त्या महाविद्यालयाला एनसीटीई या शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेची मान्यता आहे ना, ती याच अभ्यासक्रमाची आहे ना, हे एनसीटीईच्या संकेतस्थळावर बघा. मान्यता नसलेल्या पदवीचा भरतीत उपयोग होत नाही.

कुठला रस्ता घ्यावा? सतराव्या वर्षी ‘मला शिक्षकच व्हायचंय’ याची खात्री असेल तर एकात्मिक घ्या. जरा जरी शंका असेल, किंवा पुढे एम.एस्सी. करून संशोधनाकडेही बघावंसं वाटत असेल, तर साधी बी.एस्सी. बरी.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाविद्यालयांत मेजर-मायनरची, म्हणजे मुख्य विषय आणि जोडविषयाची, रचना आली आहे. मेजर भौतिकशास्त्र आणि मायनर गणित हे शिक्षकासाठी सगळ्यात सोयीचं. बी.एड.ला दोन अध्यापन पद्धती घ्याव्या लागतात आणि विज्ञान-गणित ही जोडी तिथे चालते. शाळेतही एकच माणूस दोन्ही विषय घेऊ शकतो म्हटल्यावर मुख्याध्यापकांना तो हवा असतो. इलेक्ट्रॉनिक्स मायनर घेतलेल्यांचं ज्ञान काही वाया जात नाही, पण शाळेच्या वेळापत्रकात त्याला खण नाही. चौथं ऑनर्सचं वर्ष करायचं का, हाही प्रश्न येतो. चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाचं बी.एड. असावं असं २०२० च्या धोरणात म्हटलं आहे. तुमच्या विद्यापीठात तसा अभ्यासक्रम प्रत्यक्ष सुरू झालाय का ते बघून मगच चौथ्या वर्षाचं ठरवा.

काही महाविद्यालयांत टी.वाय.ला खगोलशास्त्र किंवा खगोलभौतिकी ऐच्छिक म्हणून असतं. प्रवेश घेताना विचारा, आणि तो पेपर गेल्या वर्षी खरंच शिकवला गेला का हेही विचारा. अभ्यासक्रमात छापलेलं आणि वर्गात शिकवलेलं यांत कधीकधी बरंच अंतर असतं.

पायरी तिसरी: बी.एस्सी.त शिक्षक म्हणून काय पक्कं करायचं

परीक्षेसाठी सगळंच वाचाल. शिक्षक होणाऱ्याने वरून तीन गोष्टींकडे लक्ष द्यावं.

पहिली, प्रयोगशाळा. व्हर्निअर, स्क्रूगेज, साधा लंबक, भिंगं, विद्युत परिपथ हे प्रयोग मार्कांपुरते उरकू नका. शाळेत गेल्यावर उपकरण बिघडलं तर दुरुस्त करणारा प्रयोगशाळा सहायक असेलच याची खात्री नाही. कपाटातली अर्धी उपकरणं मोडकी असतात आणि ती चालू करणारा विज्ञान शिक्षक पहिल्याच वर्षी शाळेत नाव कमावतो.

दुसरी, वर्णपट. भौतिकशास्त्र आणि खगोल यांची गाठ पडते ती इथे. प्रयोगशाळेत सोडियमच्या दिव्याच्या ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन पिवळ्या रेषा तुम्ही जाळीतून बघताच. त्याच दोन रेषा सूर्याच्या वर्णपटात काळ्या दिसतात. त्यांच्या अगदी शेजारी, ५८७.६ नॅनोमीटरवर, सूर्याभोवतीच्या ज्वाळांच्या प्रकाशात एक तेजस्वी पिवळी रेषा दिसली आणि ती सोडियमची नव्हती. तो हेलियम. पृथ्वीवर सापडण्याआधी तो सूर्यावर सापडला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरला सूर्यज्वाळांचा वर्णपट पाहिला, आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून. आपल्याकडे विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि लॉकियरनी हेलियम तिथे शोधला असं सांगतात. सहल जरूर न्या, पण मुलांना तारखा आणि गावं फळ्यावर लिहून द्या. कोण कुठे होता हे त्यांचं त्यांनाच ताडून बघू द्या. पुराव्याचा इतका चांगला तास पुस्तकातून मिळत नाही.

तिसरी गोष्ट भाषेची. बी.एस्सी. इंग्रजीत होते. शाळा मराठी माध्यमाची असेल तर वेग आणि चाल, वस्तुमान आणि वजन, संवेग आणि बल हे शब्द न अडखळता आणि अचूक वापरता आले पाहिजेत. सेमी इंग्रजीच्या वर्गात तर दोन्ही लागतात, कारण पुस्तक इंग्रजी आणि मुलाच्या डोक्यातला विचार मराठी. बालभारतीची सहावी ते दहावीची विज्ञानाची पुस्तकं दोन्ही माध्यमांतली शेजारी ठेवून सुट्टीत एकदा वाचून काढा. पीडीएफ मोफत मिळतात.

पायरी चौथी: खगोलाची तयारी, जी कुणी करून देणार नाही

दुर्बीण घेऊ नका. निदान पहिलं वर्ष तरी नको. आधी नुसत्या डोळ्यांनी आकाश पाठ करा. महिन्यातून दोन रात्री, एक अमावस्येच्या आसपास आणि एक चंद्र असताना, गच्चीवर तास दोन तास बसलात तरी वर्षभरात सगळी मुख्य नक्षत्रं ओळखीची होतात. मोबाइलवर किंवा संगणकावर स्टेलॅरियम मोफत मिळतं. आधी आकाश बघून अंदाज बांधा आणि मग पडद्यावर पडताळा.

मराठी घरात वाढलेल्याला अर्धी नावं तशीही माहीत असतात. कृत्तिका, रोहिणी, मघा, चित्रा, स्वाती, ज्येष्ठा. फक्त ती पंचांगातून येतात, आकाशातून येत नाहीत. हा दुवा जोडायचा. मृग नक्षत्र लागलं की पाऊस, हे प्रत्येक शेतकऱ्याच्या मुलाला ठाऊक असतं. मग जूनच्या रात्री मृग दिसत का नाही, असं विचारा. सूर्य मृगात असतो म्हणजेच मृग दिवसा सूर्यासोबत आकाशात असतो आणि त्याच्या उजेडात लपतो. रात्री बघायचा तर डिसेंबर-जानेवारीत. एवढ्या एका प्रश्नातून पृथ्वीचं सूर्याभोवती फिरणं वर्गात उभं करता येतं.

तसंच संकष्टीचं. दिनदर्शिकेत चंद्रोदयाच्या वेळा गावागणिक वेगळ्या छापलेल्या असतात. रत्नागिरी आणि नागपूर यांच्या रेखांशात पावणेसहा अंशांच्या आसपास फरक आहे, आणि दर अंशाला चार मिनिटं. म्हणजे नागपूरकर साधारण २३ मिनिटं आधी जेवायला बसतात. थोडा फरक अक्षांशामुळेही पडतो. मुलांना हे गणित घरी जाऊन आजीला समजावून सांगायला सांगा. ते दहावीच्या परीक्षेतही विसरत नाहीत.

यानंतर मोजमाप. खगोलाची आवड असलेले बरेच जण फोटो आणि बातम्यांपाशीच थांबतात. शिक्षकाने मोजायला शिकावं. एक मीटरची सरळ काठी सपाट जागी उभी करून मध्यान्हाची सर्वांत छोटी सावली मोजा. मध्यान्ह घड्याळाच्या बाराला नसतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे, म्हणून कोल्हापुरात तो वर्षभरात साधारण १२:१७ ते १२:४७ या दरम्यान सरकत राहतो. आता धुळ्यात कुणी मित्र असेल तर त्याच दिवशी त्यालाही हेच करायला सांगा. धुळे आणि कोल्हापूर जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत आणि त्यांच्या अक्षांशांत ४.२ अंशांचा फरक आहे. सावल्यांवरून दोन्हीकडचे सूर्याचे कोन काढले की त्यांची वजाबाकी तेवढीच यायला हवी. नकाशावर दोघांमधलं सरळ उत्तर-दक्षिण अंतर ४६५ किलोमीटरच्या आसपास भरतं. ३६० ला ४.२ ने भागून त्याने गुणा. पृथ्वीचा परीघ ४० हजार किलोमीटरच्या जवळ येतो. काठी, ओळंबा आणि टेप एवढंच साहित्य.

शून्य सावलीचा दिवसही असाच हाताशी असलेला प्रयोग आहे. संपूर्ण महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्या-मुंबईत मेच्या मध्यावर, नागपुरात शेवटच्या आठवड्यात. अडचण एवढीच की तेव्हा शाळांना सुट्टी, आणि दुसऱ्या वेळी जुलै-ऑगस्टचे ढग. म्हणून हा प्रयोग तुम्ही विद्यार्थी असतानाच करून घ्या, फोटो आणि आकडे जपून ठेवा, वर्गात उपयोगी पडतील.

दुसऱ्या वर्षी १०×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) घ्या. तिच्यातून गुरूचे चार मोठे चंद्र दिसतात. हात हलू नये म्हणून ती तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) बसवा. महिनाभर, ढग नसतील त्या प्रत्येक रात्री, त्यांच्या जागा वहीत टिपा. आयोला एका फेरीला १.७७ दिवस लागतात, कॅलिस्टोला १६.६९. तुमच्या नोंदींतून हे आकडे थोडेफार तरी बाहेर आले, तर केप्लरचा तिसरा नियम तुम्ही नुसता वाचलेला नाही, पडताळलेला आहे. टी.वाय.च्या प्रकल्पाला हा विषय दिलात तर मार्गदर्शक सहसा नाही म्हणत नाहीत.

संस्थांच्या बाबतीत मराठी मुलं नशीबवान आहेत, देशातल्या मोठ्या खगोल संस्था त्यांच्या उंबऱ्याशी आहेत. पुण्यातलं आयुका हे खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र १९८८ मध्ये उभं राहिलं, जयंत नारळीकर त्याचे संस्थापक संचालक. तिथल्या ‘पुलस्त्य’ इमारतीतली मुक्तांगण विज्ञान शोधिका शाळकरी मुलांसाठी आणि शिक्षकांसाठी काम करते. ‘पुलस्त्य’ हे नाव पु. ल. देशपांड्यांच्या स्मरणार्थ. बी.एस्सी. आणि एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी आयुका आणि पुण्यातलंच रेडिओ खगोलाचं केंद्र एनसीआरए यांची उन्हाळी शाळा असते, आणि रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळाही. दोन्हींना निवड असते, तेव्हा एस.वाय.पासून त्यांच्या संकेतस्थळांवर लक्ष ठेवा. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेना, त्यांतल्या १४ मध्यभागी आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर पसरलेल्या. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमाराला ती लोकांसाठी खुली होते आणि आजूबाजूच्या शाळांची मुलं आपापले प्रयोग मांडतात. त्या प्रदर्शनात प्रयोग बघण्यापेक्षा, मुलं समजावून सांगताना कुठे अडतात ते बघा.

मुंबईत मानखुर्दला टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. भारतातली विज्ञान ऑलिंपियाडची धुरा त्यांच्याकडे आहे, खगोलाच्या ऑलिंपियाडचीही. २०२५ ची आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र ऑलिंपियाड मुंबईतच झाली. केंद्राच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरं मिळतात. भौतिकशास्त्राचे प्रश्न आकाशाला कसे लावायचे, हे शिकण्यासाठी याहून चांगलं साहित्य मला माहीत नाही. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांचा एनआययूएस हा कार्यक्रम आहे, आणि पुढे विज्ञान शिक्षणातच पीएच.डी. करायची इच्छा झाली तर तीही सोय तिथे आहे.

हौशी मंडळांना कमी लेखू नका. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून चालू आहे. मुंबईत खगोल मंडळ आहे, गोव्यात पणजीला असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी. यांच्या आकाशदर्शनाला आधी प्रेक्षक म्हणून जा, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला स्वयंसेवक म्हणून. अंधारात, दमलेल्या, डासांनी हैराण झालेल्या पन्नास लोकांना ध्रुवतारा दाखवता आला की तिसरीतल्या मुलापासून मुख्याध्यापकांपर्यंत कुणालाही शिकवता येतं. बी.एड.च्या सरावपाठात न मिळणारी ही तालीम आहे.

एका प्रश्नाची तयारी आधीच करून ठेवा, कारण तो पालक सभेत येतोच: ‘सर, म्हणजे तुम्ही पत्रिका पण बघता का?’ चिडू नका, थट्टाही करू नका. नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात केलेली चाचणी सांगा. तिचा निबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना दिल्या आणि त्या ओळखायला सांगितल्या. उत्तरं पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांचं सरासरी यश ४६ टक्के होतं. नाणं उडवून ५० मिळाले असते. एवढं सांगून थांबा, बाकी पालकांवर सोडा.

पायरी पाचवी: बी.एड.

राज्यात बी.एड.चा प्रवेश सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतो. खुल्या प्रवर्गाला पदवीला ५० टक्के लागतात, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४५. सीईटीत विषयाचा, म्हणजे भौतिकशास्त्राचा, एकही प्रश्न नसतो. बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता असे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, उणे गुण नाहीत. इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयासाठी वेगळी इंग्रजी चाचणी असते. टी.वाय.च्या शेवटच्या सत्रात असतानाच ही सीईटी देता येते, त्यासाठी वर्ष वाया घालवू नका. कॅप राउंडच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीच्या, वेळी धावपळ होते ती कागदपत्रांची: जात पडताळणी, नॉन-क्रीमी लेयर, अधिवास. हे दाखले निकालाची वाट न बघता आधी काढून ठेवा.

बी.एड.ची दोन वर्षं म्हणजे सूक्ष्मपाठ, सेतुपाठ, सरावपाठ, घटक नियोजन, आणि ढीगभर पाठ टाचणं, म्हणजे तासांची लेखी आखणी. शाळेतली आंतरवासिता (इंटर्नशिप) किमान २० आठवड्यांची असते. या काळाला नाकं मुरडायची पद्धत आहे, आणि टाचणांची नक्कल करायचीही. नक्कल करणाऱ्याला पदवी मिळते, पण आंतरवासितेत एखादा तरी खगोलाचा तास स्वतः रचून घ्या. माझी शिफारस चंद्रकलांची. ‘चंद्रकला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात’ असं सांगणारे पदवीधरही भेटतात, आणि ‘सूर्यापासून लांब गेल्यावर थंडी पडते’ असं सांगणारेही. वास्तविक पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपल्या ऐन थंडीत.

चंद्रकलांचा तास असा घ्या. वद्य षष्ठी ते अष्टमीच्या दरम्यानचा सकाळच्या शाळेचा दिवस निवडा. तेव्हा चंद्र पश्चिमेकडे स्पष्ट दिसतो आणि सूर्य पूर्वेला असतो. प्रत्येक मुलाच्या हातात पांढरा चेंडू द्या आणि तो उन्हात, चंद्राच्या दिशेला हात लांब करून धरायला सांगा. चेंडूचा जेवढा भाग उजळलेला दिसतो, चंद्राचा तेवढाच दिसतो. आकार हुबेहूब तोच. वर्गात थोडा गोंधळ होतो, तो होऊ द्या. निरीक्षक प्राध्यापकांना टाचणात ‘अपेक्षित वर्तनबदल’ हवा असतो, तो नंतर लिहिता येईल.

एम.एस्सी. बी.एड.च्या आधी की नंतर? अकरावी-बारावीचं नक्की असेल तर आधी एम.एस्सी. करा, विषय ताजा असतो. घरची परिस्थिती लवकर कमावण्याची असेल तर आधी बी.एड.

पायरी सहावी: टीईटी, टेट आणि पवित्र

टीईटी आणि टेट या दोन परीक्षांत नवखे हमखास गोंधळतात. टीईटी ही पात्रता परीक्षा. पहिली ते आठवीसाठी ती लागते आणि एकदा उत्तीर्ण झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. दुसरा पेपर १५० गुणांचा: बालमानसशास्त्र ३०, दोन भाषा ३०-३०, गणित-विज्ञान ६०. खुल्या प्रवर्गाला ९० गुण हवेत. भौतिकशास्त्राचा पदवीधर अडतो तो विज्ञानात नाही, मराठी व्याकरणात आणि बालमानसशास्त्रात. तिकडे वेळ द्या. नववीच्या पुढेच शिकवणार असाल तरी टीईटी देऊन ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, आधीपासून सेवेत असलेल्या शिक्षकांनाही ती बंधनकारक ठरवली. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्यांना दोन वर्षांची मुदत दिली. वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते यावरून कळतं.

टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. ही भरतीची परीक्षा. २०० प्रश्न, दोन तास, १२० अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. इथले गुण ‘पवित्र’ या राज्याच्या शिक्षक भरती पोर्टलवर जातात आणि त्यांवरून जिल्हा परिषदा, नगरपालिका आणि अनुदानित खासगी शाळांच्या जागा भरल्या जातात. खासगी संस्था मुलाखतीसह किंवा मुलाखतीशिवाय असे दोन्ही पर्याय देतात. ही परीक्षा दरवर्षी होत नाही: २०१७ ला झाली, मग एकदम २०२३ ला, मग २०२५ ला. म्हणून ‘टेट निघाली की बघू’ असं म्हणून घरी बसू नका. मधल्या काळात विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित शाळेत, नाहीतर महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत राहा. पैसे कमी मिळतात, आणि हे आधी माहीत असलेलं बरं.

पवित्रमधून निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढायची असतात. २०२३ पासून हे मानधन प्राथमिकला महिना १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार रुपये आहे. त्यानंतर नियमित वेतनश्रेणी. पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्याने हा हिशेब लग्नाआधी घरच्यांना नीट समजावून सांगावा.

पायरी सातवी: शाळेतलं पहिलं आकाशदर्शन

नोकरी लागली की पहिल्याच वर्षी एक आकाशदर्शन घ्या, दुसऱ्या वर्षावर ढकलू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला दिवस निवडा, तिथी शुक्ल सप्तमी-अष्टमी. अर्धा चंद्र संध्याकाळी जवळजवळ डोक्यावर असतो, उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि छोट्या दुर्बिणीतूनही मुलं ओरडतात. पौर्णिमा टाळा, तेव्हा सपाट पांढरा गोळा दिसतो आणि बाकीचे तारेही बुजतात. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, पालकांचं संमतिपत्र, मुलींच्या पालकांपैकी दोघी-तिघी सोबत, आणि रात्री साडेआठपर्यंत कार्यक्रम आटोपता. मैदानावरचा फ्लडलाइट बंद करायला शिपाईमामांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा. दुर्बीण शाळेकडे नसेल तर जवळच्या हौशी मंडळाला महिनाभर आधी पत्र पाठवा, ते बहुतेक येतात. प्रत्येक मुलाला दुर्बिणीपाशी अर्धं मिनिट मिळेल असा हिशेब धरा. साठ मुलं आणि एक दुर्बीण म्हणजे अर्धा तास एकट्या चंद्राला जातो. रांगेत थांबलेल्यांना त्या वेळात कृत्तिकेत नुसत्या डोळ्यांनी किती तारे दिसतात ते मोजायला लावा.

दिवसा सूर्य दाखवायचा असेल तर नियम एकच आणि त्याला अपवाद नाही: द्विनेत्रीला किंवा दुर्बिणीला पुढच्या तोंडावर प्रमाणित सौर फिल्टर नसेल, तर तिच्यातून सूर्याकडे कुणीही बघायचं नाही. नेत्रिकेला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, स्क्रूने बसवायचा काळा फिल्टर आला असेल तर तो उष्णतेने तडकू शकतो, म्हणून टाकून द्या. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून भिंतीवर पाडलेली सूर्याची प्रतिमा शाळेला पुरते.